पावती नव्हती तेव्हाची गोष्ट

(वनहक्काच्या दाव्यांसाठी भरलेल्या शिबिरात आम्ही तिघी म्हाताऱ्या बाया जे बोललो ते पोरांनी वहीत उतरवून घेतले. नंतर आम्हाला वाचून दाखवले. दोन-तीन ठिकाणी चुकले होते ते आम्ही सुधारायला लावले. बाकी बोललो तसेच ठेवले आहे.)



आम्ही तिघी एकदमच उभ्या राहिलो, त्याला हसू नका. एकटीला बोलायला सांगितलं असतं तर कोणीच बोललं नसतं. आमच्यातल्या एकीला आता ऐकू कमी येतं, पण आठवतं तिलाच जास्त. ती मधे मधे आमच्या पदराला ओढ देते, म्हणजे समजायचं की काहीतरी चुकलं.

आम्ही इथं आलो तेव्हा अकरा घरं होती. घरं म्हणजे अकरा चुली. घर तर एकही नव्हतं. त्यात एका वयाच्या सात बायका होतो. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या पोटात. सातांतल्या आता तिघी उरलो.

साल कोणतं ते आम्हाला लिहिता येत नव्हतं. पण बहात्तरच्या दुष्काळाआधी आम्ही चार पिकं काढली होती, हे पक्कं आठवतं. म्हणजे आम्ही १९६८ च्या होळीनंतर आलो. मास्तरांनी बोटं मोजून हा हिशोब लावून दिला. तुम्ही पण तुमच्या गावात असंच करा. म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नका. दुष्काळाच्या आधी की नंतर, पहिलं पोर झालं होतं का, मिलो ज्वारी खाल्ली तेव्हा कुठं राहत होता, असं विचारा. साल आपोआप निघतं.

आधी खाली सपाटीवर होतो. शहाद्याच्या बाजूला गावाच्या कडेला भिलाटी असते ना, तिथं. आमच्या आज्याच्या वेळी जमीन होती म्हणतात. कागदावर अंगठा लावला आणि गेली. आमच्या बापांनी सालदारकी केली. अखाजीला साल बदलायचं, पण बदलायचं कुठलं, उचल फिटलेली नसायची. नवरा सालाला राहिला की बायको पण त्याच घरची. शेण काढा, पाणी भरा, त्याची वेगळी मजुरी नाही. आमच्यातल्या एकीचं लग्न झालं त्याची उचल तिचा नवरा सहा सालं फेडत होता. ती म्हणायची, माझं लग्न अजून चालूच आहे.

मग तोरणमाळच्या खालच्या डोंगरात जागा आहे, पाण्याचा झिरा आहे, असं एक जण पाहून आला. रात्री निघालो. रात्री का, तर उचल फिटलेली नव्हती आणि मालकाची माणसं आडवी आली असती. याला कोणी पळून जाणं म्हणेल. म्हणू दे.

सोबत काय होतं ते सांगतो, कारण शिबिरात पोरांनी तेच पहिलं विचारलं. चार कुऱ्हाडी, दोन कुदळी, विळे. मडकी. बियाणाला बर्टी आणि मका, थोडी तूर, कापडात बांधून. शेळ्या नऊ. कोंबड्या टोपलीत. मीठ. आणि एक जातं. अकरा घरांत एकच जातं, त्याच्या दोन तळ्या दोन बायकांनी डोक्यावर वाहिल्या. पुरुष म्हणत होते, दगड कशाला नेता, डोंगरात काय दगडांची कमी आहे? पण टाकी लावलेला दगड तिथं कुठून येणार? पुढं सहा महिने अकरा घरांचं पीठ त्याच जात्यावर निघालं. पहाटे नंबर लागायचा. ज्या बाईचा नंबर शेवटी, तिच्या पोरांना उन्हं वर आल्यावर भाकर.

पहिलं काम पाण्याचं. झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत हातानं उकरलेला खड्डा. एक हंडा भरायला इतका वेळ लागायचा की बाई तिथंच बसून पोराला पाजून घ्यायची. दुपारी तो आमचा आणि रात्री अस्वलांचा. असं वाटूनच घेतलं होतं म्हणा. अंधार पडल्यावर कोणी जात नसे.

मग झुडपं तोडली. इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण आपल्यावर आरोप असतो की आदिवासींनी जंगल संपवलं. मोहाला, आंब्याला, चारोळीला, टेंभुर्णीला आम्ही हात लावला नाही. मोह तोडला तर चैतात खायचं काय? आजही जाऊन बघा, शेताच्या मधोमध मोह उभे आहेत, नांगर त्यांना वळसा घालून जातो. आम्ही आलो तेव्हा त्या डोंगराचा मोठा साग आधीच गेलेला होता. बुंध्यांवर घणाचे शिक्के होते. तो कोणी नेला ते त्या शिक्क्यांना विचारा.

तोडलेली झुडपं वाळली, मग पाऊस यायच्या आधी जाळली. बैल कोणाकडे नव्हते. सगळी जमीन पहिल्या साली कुदळीनं आणि हातानं. उतार असा की वरून धोंडा सुटला तर खालच्या बाईच्या पायावर. म्हणून धोंडे वेचले आणि आडवे रचले. ते बांध आम्ही रचलेत, बायकांनी. पुरुष कुऱ्हाडीच्या कामाला, आम्ही धोंड्याच्या. तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हतं की हा पुरावा आहे. माती वाहून जाऊ नये एवढंच डोक्यात.

काम लाहनं केलं. आज तुझ्या शेतावर सगळे, उद्या माझ्या. ज्याचं शेत त्यानं घुगऱ्या घालायच्या. घुगऱ्या नसतील तर नुसती ताडी. तीही नसेल तर पुढच्या वर्षी. लाहचं येणं कोणी लिहून ठेवत नसे, पण विसरतही नसे.

घर कुडाचं. बांबू, वर सागाची पानं. पहिल्या पावसात सगळ्यांची गळाली. आमच्यातली एक बाळंत झाली ती अशाच गळक्या घरात. सुईण कोणी नव्हती. आम्हीच होतो, आणि आम्हाला तरी काय कळत होतं, सगळ्या विशीच्या आत. विळ्यानं नाळ कापली. ते पोर जगलं. ते आता समोर बसलंय, वन हक्क समितीत आहे, डोक्यावरचे केस गेलेत त्याचे.

सगळी जगली नाहीत. श्रावणात हिवताप आला. एका महिन्यात चार पोरं गेली. दवाखाना खाली, वाट निसरडी, नाला भरलेला. मोठ्या सादड्याच्या झाडाखाली पुरली आणि वर धोंडे ठेवले, अस्वलानं उकरू नये म्हणून. त्या चारांत आमच्या तिघींपैकी दोघींची होती. पुढं शासनाचे फवारणीवाले पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी घरांवर तारखा लिहिल्या. ती घरं नंतर जळाली, तारखा पण.

बंधूंनो, या धोंड्यांबद्दल आम्ही चाळीस वर्षं कोणाशी बोललो नाही. शिबिरात नियम वाचून दाखवला की जुन्या विहिरी, देवाची ठिकाणं, पुरण्याची जागा हे पण पुरावे धरतात. तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग रात्री बोललो. नकाशात ती जागा दाखवायची असं ठरवलं. तिथं कोणी खणायचं नाही, मोजपट्टी लांबूनच लावायची, एवढी आमची अट आहे.

तसाच हद्दीवरचा वाघदेव. आलो त्या पहिल्याच दिवाळीला पुजाऱ्यानं दगड मांडला, शेंदूर लावला, कोंबडं दिलं. तिथं पूजेला बायकांना जाऊ देत नाहीत. पण कोंबडं आमच्याच टोपलीतलं होतं.

आता पावतीची गोष्ट.

नाकेदार पहिल्यांदा आला तो पीक उभं राहिल्यावर. आधी नाही आला. झुडपं तोडताना धूर सपाटीवरून दिसत होता, तेव्हा नाही आला. कणसं भरली तेव्हा आला. त्याला दोन कोंबड्या दिल्या. पुढच्या वर्षी शेळी. मग रोकड. दरवर्षी देत गेलो. तो काही लिहीत नसे, आम्ही पण म्हणायचो, बरं आहे, नाव कागदावर येत नाही. कागदाची आम्हाला भीती. कागदानंच आज्याची जमीन गेली होती.

फक्त दोन घरांनी दिलं नाही. एक घर गरीब, द्यायला काही नव्हतं. दुसरा माणूस हट्टी. त्या दोघांना धरून नेलं, केस केली, तालुक्याला कोर्टात उभं केलं, वीस-वीस रुपये दंड झाला. घरं जाळली ती पण त्यांचीच. त्या वेळी जात्याची वरची तळी कोणीतरी लाथेनं उतारावरून ढकलली, ती फुटली. आम्ही त्या दोघांना शिव्या दिल्या. तुमच्यामुळं सगळ्यांवर आलं म्हणून.

पुढं १९७८ च्या शेवटाला सरकारचा ठराव आला, की ३१ मार्च १९७८ पर्यंतची आदिवासींची वनजमीन कसणाऱ्याच्या नावावर करायची. साहेब आले, म्हणाले, पुरावा दाखवा. पुरावा कसला? दंडाची पावती. सरकारच्या दफ्तरात गुन्हा नोंदलेला पाहिजे. ज्या दोन घरांना आम्ही शिव्या दिल्या होत्या, त्यांच्या चालीत खोचलेली पावती निघाली आणि त्यांचं नाव लागलं. आमच्या नऊ घरांनी दहा वर्षं कोंबड्या, शेळ्या, तूप, रोकड दिली, त्याची नोंद कुठं? आम्ही गुन्हेगार नव्हतो हेच आमचं चुकलं! आमच्यातली एक साहेबाला म्हणाली, तुमच्या माणसानं खाल्लेल्या कोंबड्यांची पिसं आणून दाखवू का? साहेब हसला. काम झालं नाही.

हे आज का सांगतो, तर अजूनही काही गावं आम्हाला विचारतात की नाकेदार म्हणतो थोडं काही द्या, मी बघून घेतो. देऊ नका. द्यायचंच झालं तर पावती मागा.

मधल्या वर्षांचं फार सांगत नाही. बहात्तरच्या दुष्काळात खाली खडी फोडायला गेलो, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरीनं पोरांची पोटं बिघडली. त्याच वर्षी शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला होता, जानेवारीच्या ३० तारखेला. अंबरसिंग महाराजांना आम्ही लांबून बघितलं, ऐकू काही आलं नाही, गर्दी तेवढी. पण परत येताना बायका चालत होत्या त्या वेगळ्याच चालत होत्या. नंतर दारूची मडकी फोडली त्यात आम्ही पण होतो. दोघींना घरी मार पडला त्या दिवशी. पुन्हा फोडली.

बाजाराचं मात्र सांगायला पाहिजे. चारोळी गोळा करायला बाईचे आठ दिवस जातात. काट्यात हात, वर ऊन. बाजारात व्यापारी एका मापाला एक माप मीठ द्यायचा. चारोळीच्या बदल्यात मीठ! आम्हाला वाटायचं बरोबर आहे, माप तर सारखं आहे. पहिल्यांदा तराजू बघितला, शहरातला चारोळीचा भाव ऐकला, तेव्हा आमच्यातली एक तिथंच खाली बसली. आज ज्याला गौण वनोपज म्हणतात आणि कायद्यात त्याच्यावर ग्रामसभेचा हक्क लिहिलाय, तो हक्क सामूहिक दाव्यात लिहायला विसरू नका. सगळे पुरुष शेताच्या तुकड्याच्या मागे लागलेत. मोह, चारोळी, आंबा, डिंक, चारा, नाल्यातले मासे, हे कोण लिहिणार? आम्ही लिहायला सांगितलंय.

२००२ साली दिल्लीहून पत्र निघालं की सगळी अतिक्रमणं काढा. अतिक्रमण! चौतीस वर्षं झाली होती आम्हाला. तेव्हा पिकात गुरं सोडली, बांध मोडले. बांध परत रचताना आमच्या सुना बरोबर होत्या. आम्ही त्यांना दाखवत होतो, हा धोंडा इथला, तो तिथला. धोंडे ओळखू येतात. खोटं नाही सांगत.

आता नव्या कायद्याचं. २००६ चा कायदा, २००८ च्या जानेवारीत नियम आले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर दावा करायचा, चार हेक्टरपर्यंत. पुरावा एकाहून जास्त पाहिजे. आणि त्या पुराव्यांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पण धरतात. पण दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा. म्हणजे आम्ही आमच्या स्वतःच्या शेताबद्दल सांगितलेलं चालणार नाही. तिच्या शेताबद्दल आम्ही दोघींनी सांगायचं, आमच्याबद्दल तिनं. हे ऐकून आम्हाला बरं वाटलं. लाहसारखंच झालं.

दुसरं, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर निघणार आहे. हे आमच्या पाड्यात वाचून दाखवलं तेव्हा दोन-चार पुरुष उठून बिडी ओढायला बाहेर गेले. जाऊ दे. पण अर्जात बायकोचं नाव लिहायची जागा रिकामी ठेवून कोणी अर्ज दिला, तर समितीतल्या बायांनी तो परत करावा. समितीत बाया असायलाच पाहिजेत, तो नियम आहे. नुसत्या चहा करायला नाहीत.

आता जे सांगायचं होतं ते. याच्यासाठीच उभ्या राहिलो.

आमच्या सातांत एक बाई होती. तिचा नवरा पहिल्याच साली झाडाखाली दबून गेला. पोटात पोर होतं. सगळे म्हणाले, परत खाली जा, बापाकडे. ती गेली नाही. झिऱ्याच्या वरचं मोहाचं शेत तिनं एकटीनं साफ केलं. लाहला आम्ही होतो, पण धोंडे बहुतेक तिचेच. तिला मुलगी झाली. जात्याची वरची तळी फुटली ना, तेव्हा खालची तळी तिनं उचलली आणि आपल्या वरच्या बांधात बसवली. म्हणाली, इथं तरी कामाला येईल.

ती वारली त्याला आता वीसच्या वर वर्षं झाली. मग तिच्या दिरानं शेत धरलं. मुलगी लग्न होऊन गेली, नवऱ्यानं टाकली, परत आली. तेव्हा पंच बसले. दिर म्हणाला, शेत माझ्या भावाचं, मुलीचा काय संबंध? पंचांनी मुलीला वरचा एक पट्टा कसायला दिला, तोंडी. बाकी दिराकडे. आम्हाला त्या दिवशी कोणी विचारलं नाही. पण खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी आम्ही बोललो नसतो. दिर आमच्यातल्या एकीचा भाऊ लागतो. दुसरीच्या मुलीचं लग्न त्याच घरात ठरत होतं. आम्ही गप्प बसलो. भाऊ मेला तेव्हा ते शेत जंगलच होतं, त्याच्या नावाचं शेत कुठून आलं, एवढं तर आम्हाला माहीत होतं.

आता दिराच्या मुलांनी सगळ्या शेताचा दावा लिहिलाय. वरच्या पट्ट्यासकट. मुलगी आजही तो पट्टा कुदळीनं कसते. तिच्याकडे बैल नाहीत. १३ डिसेंबर २००५ ला पण तीच कसत होती, आताही तीच. तिनं दावा लिहिला नाही, कारण अर्ज भरणारा म्हणाला तुझ्याकडे पुरावा काय?

पुरावा आम्ही आहोत.

आमच्यातली जी बहीण लागते ना, तीच पहिल्यांदा म्हणाली की सांगू. आम्ही दोघी मागे ओढत होतो. तिच्या घरी आता कोणी बोलत नाही तिच्याशी, चार दिवस झाले. भाकर वेगळी करते. तरी ती आज आली आहे. ही बघा, हीच पदर ओढते आहे.

दिराच्या मुलांबद्दल आमच्या मनात वाईट नाही. आमच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोरं आहेत. खालचं शेत त्यांनी वीस वर्षं कसलं, घाम गाळला, ते त्यांचं लिहा, आम्ही त्याचा पण जबाब देतो. वरचा पट्टा मुलीच्या नावावर वेगळ्या अर्जात लिहा. नावं इथं घेतली नाहीत, कारण हे छापून बाकीच्या गावांत जाणार. गावसभेत नावानिशी सांगू.

कोणी म्हणेल, घरातलं भांडण बाहेर आणलं. खात्याला कळलं तर दोघांचेही दावे उडवतील. ही भीती खोटी नाही, आम्ही पण त्याचा विचार केला. म्हणूनच खात्याच्या आधी गावसभेत निकाल लागला पाहिजे. पहिला निर्णय ग्रामसभेचा आहे, असं कायद्यात आहे म्हणता ना? मग घ्या.

समिती सोमवारी पाहणीला येणार आहे. आम्ही तिघी सकाळीच वर जाऊन बसू, ऊन व्हायच्या आधी, आता चढ लागतो. मुलगी पण असेल, दिराच्या मुलांना पण निरोप दिलाय. ज्यांना वाट माहीत नाही त्यांनी झिऱ्यापासून डाव्या हातानं वर यायचं. दोन मोह सोडून तिसरा बांध. त्यात खालून चौथ्या थरात जात्याची तळी आहे, मधे भोक असलेली. तिच्यावरून हात फिरवला की टाकीच्या खुणा अजून लागतात.

जिंदाबाद.